आधी चालू हप्ता की जुनी बाकी? पत-नोंदीच्या दीडशे वर्षांचा मागोवा



आपल्या मंडळातील कुटुंबे एकत्र जमली की व्हिसा, मुलांच्या शाळा आणि विमानाची तिकिटे हे तीन विषय हमखास निघतात. गेल्या काही वर्षांत त्यात चौथ्याची भर पडली आहे, तो म्हणजे क्रेडिट स्कोअर. कोणाला गाडीचे कर्ज नाकारले जाते, कोणाचे बंद केलेले कार्ड अजून उघडेच दिसते, तर कोणाचा जुना न वटलेला चेक आज घराच्या कर्जाच्या आड येतो. मग प्रश्न येतो तो असा : हातात पैसे थोडे आणि डाग तीन-चार, तर आधी कोणता धुवायचा? जुना की नवा? लगेच की काही महिने थांबून?

हा प्रश्न संगणकाच्या युगातला वाटतो, पण आपल्या खापर-पणजोबांनाही तो वेगळ्या रूपात पडला होता. तो इतिहास ठाऊक असला तर आजचे उत्तर शोधणे सोपे जाते, म्हणून आम्ही हा मागोवा घेत आहोत.

सुप्याची होळी

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या चोपड्या. हाती लागलेले कागद त्यांनी पेटवून दिले. बघता बघता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पोचले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

शेतकरी कागदांवर का उठले? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार हात मोकळा सोडून कर्ज देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढवला. सावकारांनी नवे कर्ज देणे थांबवले आणि जुन्याचा तगादा लावला. पण मुळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि आपल्या विषयाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला होता. नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा केला नाही तर तो पुढे चालत नसे. हेतू चांगला होता : जुने कर्ज पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहू नये. घडले मात्र उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कर्जदाराला बोलावून मुद्दल अधिक व्याज असा नवा आकडा मांडी, तेच नवे मुद्दल ठरे आणि त्यावर नवा रोखा लिहून घेतला जाई. वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवून मोकळा होई. शंभराचे दोनशे आणि दोनशेचे चारशे होत, आणि घड्याळ दर वेळी पुन्हा पहिल्यापासून चालू होई. आपली बाकी नेमकी किती, हे त्याला कळायचे कसे? वही सावकाराच्या पेटीत होती.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातल्या तीन तरतुदी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, न्यायालयाने रोख्यावरचा आकडा जसाच्या तसा न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब तपासायचा. दुसरी, सावकाराने दिलेल्या पैशांची पावती आणि खात्याचा उतारा कर्जदाराला द्यायचा. तिसरी, केवळ कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही काम पाहिले.

खरा हिशेब, लेखी पावती आणि तुरुंगातून सुटका, या तीन गोष्टी. आपण राहतो त्या देशात याच तीन गोष्टी वेगळ्या क्रमाने, पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांतच आल्या.

चेकचे राज्य

खाडीच्या या काठाला आपला रुपया परका नव्हता. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या आणि त्या १९६६ पर्यंत इथे चालत. १९७१ मध्ये अमिरातींचा संघ झाला, १९७३ मध्ये दिरहॅम आला आणि १९८० च्या कायद्याने मध्यवर्ती बँक उभी राहिली. पण सामान्य माणसाची पत मोजण्याचे साधन मात्र बरीच वर्षे एकच होते, ते म्हणजे चेक.

घरभाडे पुढल्या तारखांच्या चेकांनी द्यायचे, कधी एका, कधी चार, कधी बारा. गाडी घेतली की चेक, कर्ज घेतले की हमीचा चेक. या चेकमागे कायद्याचे बळ होते. १९८७ च्या दंडसंहितेच्या कलम ४०१ नुसार न वटलेला चेक हा फौजदारी गुन्हा होता आणि शिक्षा दंड किंवा कैद अशी होती. म्हणजे पतीचा हिशेब कोणी ठेवत नव्हते; तुम्ही कधी चुकलात, किती दिवसांनी भरलेत, नंतर किती नेमाने वागलात, याची एकत्र नोंद सामान्य ग्राहकाला कुठे पाहायला मिळत नसे. नोंद नव्हती आणि शिक्षा मात्र होती.

याचा परिणाम २००८ च्या अखेरीस आणि २००९ मध्ये सगळ्यांनी पाहिला. जागतिक मंदीत नोकऱ्या गेल्या. नोकरी गेली की व्हिसा जाणार, पगार थांबला की हप्ता चुकणार आणि हमीचा चेक बँकेच्या हाती. विमानतळावर सोडून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या. त्या फुगवलेल्या होत्या असे म्हणणारेही पुष्कळ होते, पण माणसे घाबरून निघून गेली हे खरेच. ‘थांबून बोलणी करावी’ असे त्यांना वाटले नाही, कारण थांबण्याची किंमत तुरुंग असू शकत होती. अशा वेळी कोणती बाकी आधी भरावी या विचाराला जागाच उरत नाही. ज्याच्या हातात चेक, त्याचे पैसे आधी, एवढाच क्रम.

वही सर्वांची झाली

त्या मंदीनंतर तीन पावले पडली. २०१० मध्ये पत-माहितीचा संघीय कायदा क्रमांक ६ मंजूर झाला. २०११ मध्ये मध्यवर्ती बँकेने वैयक्तिक कर्जांना कुंपण घातले : पगाराच्या वीस पटींपर्यंतच कर्ज, फेड ४८ महिन्यांत, आणि सर्व हप्ते मिळून साधारणपणे उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. आणि २०१४ च्या अखेरीस अल इतिहाद क्रेडिट ब्युरोचे काम सुरू झाले.

या ब्युरोत बँका आणि वित्त कंपन्या आपल्या ग्राहकांची माहिती पाठवतात. कर्जे, कार्डे, हप्त्यांची नियमितता, न वटलेले चेक, पुढे टेलिफोन कंपन्यांची बिलेही त्यात आली. ही सगळी माहिती एमिरेट्स आयडीशी बांधलेली असते. त्यावरून ३०० ते ९०० या पट्ट्यात एक आकडा निघतो, तोच आपला स्कोअर. अहवालात साधारण पाच वर्षांचा इतिहास दिसतो. आणि मुख्य गोष्ट : हा अहवाल आपल्याला स्वतःला काढून पाहता येतो. सुप्याच्या कुणब्याला जी वही पाहायला मिळाली नाही, ती आज आपल्या फोनवर येते.

शिक्षेची बाजूही हळूहळू सैल झाली. दुबईत डिसेंबर २०१७ पासून दोन लाख दिरहॅमपर्यंतच्या न वटलेल्या चेकांसाठी ठरावीक दंडाची पद्धत आली : पन्नास हजारांपर्यंत २,०००, एक लाखापर्यंत ५,००० आणि दोन लाखांपर्यंत १०,००० दिरहॅम. जानेवारी २०२० पासून कर्जात बुडालेल्या व्यक्तीला स्वतः न्यायालयात जाऊन फेडीची योजना मागण्याचा नादारीचा कायदा लागू झाला. आणि २ जानेवारी २०२२ पासून केवळ खात्यात पैसे कमी म्हणून परत आलेला चेक फौजदारी गुन्हा राहिला नाही. मुद्दाम खाते रिकामे करणे, कारणाशिवाय चेक थांबवणे, खोटी सही करणे हे मात्र आजही गुन्हेच आहेत. शिवाय परत आलेला चेक हाच आता हुकूमनाम्यासारखा समजून चेकधारक थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो. तेव्हा ‘आता चेकचे भय नाही’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

पळून जाण्याची वाटही अरुंद झाली आहे. भारत सरकारने १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने अमिरातींच्या दिवाणी न्यायालयांचे निकाल भारतात थेट अमलात आणण्यास मान्यता दिली. येथील हुकूमनामा घेऊन बँक पुण्या-नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकते.

मायदेशातली दुसरी वही

आपल्यापैकी अनेकांची दुसरी वहीही चालू असते. भारतात २००० साली मुंबईत सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये पत-माहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि तिथलाही स्कोअर ३०० ते ९०० असाच आहे. तिथे नोंदी किमान सात वर्षे ठेवल्या जातात. गावाकडच्या फ्लॅटचा हप्ता इथून पैसे पाठवायला उशीर झाल्याने चुकला, तर तो डाग सिबिलमध्ये पडतो, इथल्या ब्युरोत नाही. दोन्ही वह्या सामान्यतः एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणून आधी ठरवावे की आपल्याला कर्ज कुठे हवे आहे, शारजात की साताऱ्यात, आणि त्या वहीपासून सुरुवात करावी.

भारतातल्या जुन्या बाकीबाबत १८५९ ची आठवण पुन्हा येते. पैशाच्या दाव्याची मुदत तिथे आजही साधारण तीन वर्षे आहे, आणि मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली तर ती मुदत नव्याने सुरू होते. पण दाव्याची मुदत वेगळी आणि पत-नोंदीची मुदत वेगळी. दाव्याची मुदत टळली म्हणून नोंद पुसली जात नाही. या दोहोंची गल्लत करून अनेकजण ‘थांबलो की सुटलो’ असे समजतात.

मग क्रम कसा लावावा?

इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे : नोंद जाळून जात नाही आणि पळूनही जात नाही. ती जुनी होत जाते, आणि जुनी होताना तिच्यावर चांगल्या नोंदींचे थर बसावे लागतात. म्हणून काळ त्याच्याच बाजूने असतो ज्याचा चालू हप्ता चुकत नाही. यावरून क्रम आपोआप ठरतो.

सर्वांत आधी अहवाल काढावा आणि खोट्या नोंदी शोधाव्यात. बंद केलेले कार्ड उघडे दिसणे, फेडलेले कर्ज थकीत दिसणे, दुसऱ्याचीच बाकी आपल्या नावावर असणे, असे प्रकार घडतात. यासाठी थांबण्याचे काहीच कारण नाही, कारण त्याला पैसे लागत नाहीत, लागतात ते कागद. ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही. दुरुस्ती ज्या बँकेने माहिती पाठवली तिनेच करायची असते. अर्ज ब्युरोमार्फत करावा आणि बँकेलाही लेखी कळवावे. भारतात अशी तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला आहे.

दुसरे, आजचे हप्ते आणि पुढचे चेक सांभाळावेत. जुना डाग धुण्यासाठी पैसे घातले आणि त्यामुळे भाड्याचा चेक परत आला, तर जुन्याच्या बदल्यात नवा डाग घेतला असे होते, आणि ताजा डाग जास्त गडद असतो.

तिसरे, जी बाकी नुकतीच थकली आहे ती. इथे आणि भारतातही ९० दिवस ही मोठी रेषा आहे. त्यापुढे गेलेले कर्ज बँक बुडीतच्या वाटेवरचे धरते. तीस-चाळीस दिवस थकलेले कार्ड त्या रेषेच्या अलीकडे ओढणे हे चार वर्षांपूर्वीच्या बाकीपेक्षा तातडीचे.

चौथे, जुनी न फिटलेली बाकी. ती ‘पाच वर्षांत आपोआप जाईल’ या भरवशावर सोडू नये. बाकी उभी असेपर्यंत बँक ती कळवीत राहू शकते आणि दावाही लावू शकते. इथे बोलणे आजच सुरू करावे, पैसे मात्र ठराव लेखी झाल्यावरच द्यावेत. आधी बँकेकडून लायबिलिटी लेटर घ्यावे, म्हणजे नेमका आकडा कळेल. तडजोड होत असेल तर किती भरल्यावर खाते पूर्ण बंद होणार आणि ब्युरोला काय कळवले जाणार, हे पत्रात असावे. भारतात ‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ हे दोन शब्द वेगळे आहेत. तडजोडीने मिटवलेले खाते पुढच्या बँकेला तसेच दिसते. पैसे भरल्यावर क्लिअरन्स लेटर आणि हमीचा मूळ चेक परत घेतल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

आणि जुने मिटवण्यासाठी मोठे नवे कर्ज देऊ करणारा कागद पुढे आला, तर सुप्याचा नवा रोखा आठवावा. व्याजदर, एकूण फेड आणि मुदत मांडून पाहावी. कधी तो सौदा खरोखर फायद्याचा असतो. पण हप्ता कमी दिसतो आणि एकूण फेड वाढलेली असते, असेही पुष्कळदा असते.

एक उदाहरण

समजा, शारजातील एका कुटुंबाच्या हाती ७,००० दिरहॅम आहेत. ४५० दिरहॅमचे जुने टेलिफोन बिल थकले आहे. कार्डाचे दोन महिन्यांचे किमान हप्ते मिळून ६०० थकले आहेत. पूर्वीच्या एका बँकेची १८,००० ची बाकी तीन वर्षे पडून आहे. आणि दोन महिन्यांनी १२,००० चा भाड्याचा चेक वटायचा आहे. वर्षभराने त्यांना मुलीच्या कॉलेजसाठी कर्ज काढायचे आहे.

मनाला टोचते ती १८,००० ची बाकी, म्हणून सगळे सात हजार तिकडे भरून टाकावे असे वाटणे साहजिक आहे. पण तेवढ्याने ते खाते बंद होत नाही. उलट कार्ड तिसऱ्या महिन्यात जाते आणि भाड्याचा चेक धोक्यात येतो. आमच्या मते टेलिफोनचे ४५० आणि कार्डाचे ६०० याच आठवड्यात भरावेत. उरलेले ५,९५० भाड्याच्या चेकसाठी राखून त्यात दोन पगारांतून भर घालावी. जुन्या बँकेला मात्र आजच पत्र द्यावे, आकडा मागावा आणि भाडे वटल्यानंतरच्या महिन्यापासून झेपेल असा हप्ता ठरवून घ्यावा. त्या बँकेने चेक न्यायालयात लावला असेल तर हा क्रम बदलतो. मग वकिलाचा सल्ला आधी.

वर्षभराने कर्जाचा अर्ज करायचा तर ही सगळी कामे त्याच्या निदान सहा महिने आधी उरकावीत. बँकांकडून माहिती पोचायला वेळ लागतो आणि स्वच्छ महिने मोजायला महिनेच जावे लागतात. मधल्या काळात चार बँकांत अर्ज करून पाहू नयेत. प्रत्येक चौकशीचीही नोंद होते.

‘बूंद से गयी वह हौद से नहीं आती’ असे आपल्याकडे म्हणतात. अब्रूच्या बाबतीत ते खरे असेल. पत मात्र हौदाने आणता येत नसली तरी थेंबाथेंबाने परत येते, एवढी सोय आजच्या वहीने केली आहे.

दिवाळीत आपले व्यापारी बांधव वहीपूजन करतात. आपण नोकरदारांनीही दर दिवाळीला इथला आणि भारतातला असे दोन्ही अहवाल काढून पती-पत्नींनी एकत्र बसून वाचावेत. भारतात वर्षातून एकदा पूर्ण अहवाल २०१७ पासून मोफत मिळतो. आणि सगळी क्लिअरन्स लेटरे एका फाइलीत लावून ठेवावीत. देश सोडताना पासपोर्टच्या खालोखाल तीच उपयोगी पडतात.